धरासणा ते मेम्फिस : सुरतेकडून पाहिलेलं अमेरिकेचं विसावं शतक

अमेरिकेच्या विसाव्या शतकाची यादी आपल्याला पाठ असते. १९१७ साली पहिल्या महायुद्धात प्रवेश, १९२९ची मंदी, पर्ल हार्बर, हिरोशिमा, केनेडींची हत्या, व्हिएतनाम, चंद्रावरचं पाऊल, वॉटरगेट. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ती साधारण याच क्रमाने छापलेली असते. ही यादी घेऊन सुरत शहरात आणि जुन्या सुरत जिल्ह्यात फिरायला निघालं, तर तिच्यातल्या निम्म्या घटनांचा इथे मागमूसही लागत नाही. त्या वर्तमानपत्रातून आल्या आणि रद्दीत गेल्या. ज्या घटनांना त्या यादीत एक ओळही मिळत नाही, त्यांनी मात्र इथली गावंच्या गावं बदलून टाकली. १९१८चा चांदीचा कायदा, १९२३चा एक न्यायालयीन निकाल, १९३५ साली प्रयोगशाळेत ओढलेला एक धागा, १९६५चा स्थलांतराचा कायदा, या त्या घटना.

आणि एक प्रवाह उलट्या दिशेने वाहिला. अमेरिकेच्या त्या शतकातल्या सर्वांत मोठ्या नैतिक लढ्याला, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीला, सुरत जिल्ह्यातून काहीतरी गेलं. त्याच चळवळीने पुढे जे दार उघडलं, त्यातून सुरत जिल्ह्याची माणसं अमेरिकेत शिरली. या दोन टोकांची गाठ फारसं कुणी बांधत नाही. अमेरिकेतल्या मोटेलमालकांच्या कौतुकात ती नसते, आणि गांधींच्या चरित्रांतही ती ओझरतीच येते. मला या सगळ्या विषयात हीच गाठ सर्वांत महत्त्वाची वाटते.

मराठी माणसाला सुरत आठवते ती शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७०च्या स्वाऱ्यांमुळे. पण १ मे १९६०पर्यंत हा जिल्हा आधी मुंबई इलाख्यात आणि मग मुंबई राज्यात आपल्याबरोबरच होता. जुना सुरत जिल्हा म्हणजे आजच्यापेक्षा बराच मोठा प्रदेश. आज नवसारी जिल्ह्यात असलेली दांडी आणि वलसाड जिल्ह्यात असलेलं धरासणा ही दोन्ही गावं तेव्हा सुरत जिल्ह्यातच होती.

शतकाच्या आधीचा एक प्रसंग सोडून पुढे जाता येत नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी पश्चिम हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस उचलला. तिकडे त्याचं नाव ‘सुरत’. कामगारांना तो आवडत नसे, कारण धागा सारखा तुटायचा आणि मजुरी बुडायची. इकडे मुंबईत पैशाचा पूर आला. त्या काळच्या शेअर बाजाराचे अनभिषिक्त राजे प्रेमचंद रायचंद मूळचे सुरतचेच. १८६५ साली युद्ध थांबलं आणि तो सगळा डोलारा कोसळला. अमेरिकेतली घटना कोणत्या वाटेने सुरतेत येते, हे तेव्हाच दिसलं होतं. ती मालाच्या भावातून येते.

विसाव्या शतकात हे आधी चांदीच्या बाबतीत घडलं. सुरतेची जरी म्हणजे चांदीची बारीक तार, तिच्यावर सोन्याचा मुलामा, आणि ती रेशमी किंवा सुती धाग्यावर गुंडाळलेली. पैठणीच्या पदरापासून बनारसी शालूपर्यंत ती जाते. चांदीचा भाव हलला की जरीवाल्याचा हिशेब हलतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदुस्थान सरकारकडचा चांदीचा साठा इतका खाली गेला की नोटांच्या बदल्यात रुपये देणं अवघड होऊन बसलं. तेव्हा अमेरिकी काँग्रेसने एप्रिल १९१८मध्ये पिटमन कायदा करून आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानच्या नाण्यांसाठी ब्रिटनला विकली. १९३४ साली रूझवेल्ट सरकारने देशांतर्गत खाणमालकांसाठी चांदीखरेदीचा कायदा केला आणि जगभर चांदी महागली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पुन्हा हिंदुस्थानला चांदी दिली, या वेळी उसनी, परत करण्याच्या बोलीवर. वॉशिंग्टनमध्ये हे निर्णय घेणाऱ्यांच्या समोर नेवाडाचे खाणमालक होते, चीन होता, युद्ध होतं. तार ओढणारा सुरतेचा कारागीर त्यांच्या स्वप्नातही नव्हता.

मग आला धागा. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी ड्यूपाँ कंपनीच्या डेलावेअरमधल्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांच्या चमूने नायलॉन तयार केलं. मे १९४०मध्ये नायलॉनचे पायमोजे अमेरिकाभर विक्रीला आले. युद्ध पेटलं तसं सगळं नायलॉन हवाई छत्र्यांकडे वळलं, आणि युद्धानंतर ते जगभर पसरलं. सुरतेत आर्ट सिल्कचे, म्हणजे कृत्रिम रेशमाचे, माग आधीपासून होते. त्यांनी हा धागा आणि पाठोपाठ आलेला पॉलिस्टर इतक्या हुशारीने उचलला की काही दशकांत देशातल्या स्वस्त साडीचं दुसरं नाव सुरत झालं. धुवायला सोपी, इस्त्री नको, रंग पक्का. मराठी मध्यमवर्गीय घरांत नायलॉनच्या साडीने नऊवारीला आणि सुती पाचवारीला कसं मागे सारलं, हे ज्यांनी पाहिलं ती पिढी अजून आहे.

या गोष्टीची दुसरी बाजू मला अस्वस्थ करते. सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागांवर आणि डाइंग-प्रिंटिंगच्या कारखान्यांत राबणारा मोठा कामगारवर्ग खानदेशातून आला. १९०० साली पूर्ण झालेल्या ताप्ती व्हॅली रेल्वेने भुसावळ, अमळनेर, नंदुरबार हा पट्टा सुरतेला जोडला होता. त्याच गाडीने पुढे माणसं आली. खानदेश हा कापसाचा प्रदेश. ज्या कृत्रिम धाग्याने कापसाच्या जागेवर अतिक्रमण केलं, तोच धागा विणायला कापूस पिकवणाऱ्यांची मुलं तापीच्या काठी आली. डेलावेअरच्या प्रयोगशाळेतला शोध आणि अमळनेर तालुक्यातलं एखादं घर यांच्यातलं अंतर एवढंच आहे, आणि तरी आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत असतात.

हिऱ्याची कथा याहून सरळ आहे. १९३८ साली डी बिअर्स या हिरे कंपनीने एन. डब्ल्यू. आयर या अमेरिकी जाहिरात संस्थेला काम दिलं. मंदीने अमेरिकेत हिऱ्यांचा खप घटला होता. १९४७ साली त्या संस्थेतल्या फ्रान्सेस गेरेटी या लेखिकेने हिरा चिरंतन असतो अशा अर्थाचं छोटं घोषवाक्य लिहिलं, आणि साखरपुड्याला हिऱ्याचीच अंगठी हवी ही रीत अमेरिकी मध्यमवर्गात रुजली. त्या मध्यमवर्गाला परवडेल असा हिरा मात्र लहान असायला हवा होता. इतक्या बारीक खड्याला पैलू पाडायचे तर अँटवर्पच्या मजुरीत ते परवडत नसे. इथे सुरत आली. पालनपुरी जैन व्यापाऱ्यांनी अँटवर्प आणि मुंबईतून कच्चा माल आणला, सौराष्ट्रातल्या कोरडवाहू गावांतून आलेल्या पाटीदार तरुणांनी घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसून त्याला पैलू पाडले. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या आर्गाइल खाणीचा लहान, तपकिरी माल बाजारात आला, तोही सुरतेनेच विकण्याजोगा केला. आज संख्येने मोजलं तर जगातल्या दर दहा पैलूदार हिऱ्यांपैकी सुमारे नऊ इथल्या कारखान्यांतून गेलेले असतात, आणि त्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. म्हणून २००८ साली न्यूयॉर्कमधल्या बँका बुडाल्या तेव्हा सुरतेतल्या वराछा रोडवरचे कारखाने बंद पडले, आणि ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं तेव्हा रत्नकलाकारांच्या, म्हणजे हिरे घासणाऱ्या कारागिरांच्या, घरांत पुन्हा तीच धास्ती आली. दरम्यान, जनरल इलेक्ट्रिकने डिसेंबर १९५४मध्ये स्कनेक्टडीत पहिल्यांदा खात्रीने बनवलेल्या कृत्रिम हिऱ्याचा वंशही सुरतेतच वाढतो आहे. जून २०२३मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी जिल बायडन यांना भेट दिलेला साडेसात कॅरटचा हिरा सुरतेच्या प्रयोगशाळेतला होता.

बाकीच्या काही घटना भराभर सांगता येतील. १९५४चा पी. एल. ४८० कायदा आणि त्यातून आलेला गहू सुरतेत आला तसा तो देशभर आला. महाराष्ट्रात १९७२च्या दुष्काळात खाल्लेली तांबडी मिलो अजून अनेकांच्या जिभेवर आहे. १९७१च्या ऑगस्टमध्ये निक्सन यांनी डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध तोडला, त्याचे परिणाम साऱ्या जगाबरोबर इथल्या सोन्या-चांदीच्या बाजारालाही भोगावे लागले. व्हिएतनाम आणि चंद्र यांच्याबद्दल सुरतेपाशी वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

आता त्या उलट्या प्रवाहाकडे येतो.

मे १९३०. दांडीला मीठ उचलून झालं होतं, गांधींना अटक झाली होती. पुढचं पाऊल होतं धरासण्याच्या मिठागरांवर सत्याग्रह. त्यांच्या जागी आलेले अब्बास तय्यबजीही पकडले गेले आणि नेतृत्व सरोजिनी नायडूंकडे आलं. २१ मेला सुमारे अडीच हजार स्वयंसेवक तिथे जमले. युनायटेड प्रेसचा अमेरिकी वार्ताहर वेब मिलर डुंगरी स्थानकावर उतरून पायी तिथे पोचला. रांगेमागून रांग पुढे जात होती, पोलीस लोखंडी टोकाच्या लाठ्या डोक्यांवर घालत होते, आणि वार अडवायला कुणी हातही वर करत नव्हतं. मिलरने तात्पुरत्या इस्पितळात जाऊन जखमी स्वतः मोजले, ३२०. दोघे मरण पावले होते. सरकारने त्याच्या तारा अडवण्याचा प्रयत्न केला, तरी बातमी गेली आणि जगभरच्या शेकडो वर्तमानपत्रांत छापली गेली. सिनेटर जॉन ब्लेन यांनी ती अमेरिकी सिनेटच्या दप्तरात नोंदवून घेतली. त्याच वर्षी जूनमध्ये हूवर यांनी स्मूट-हॉली आयात शुल्काच्या कायद्यावर सही केली आणि मंदी आणखी खोल गेली. अमेरिकेच्या इतिहासाची पुस्तकं १९३० म्हटलं की या कायद्याचं नाव घेतात. त्या वर्षी धरासण्याहून गेलेली तार जास्त दूरवर पोचली, असं मला वाटतं.

कारण अमेरिकेतले कृष्णवर्णीय वाचक ती वाचत होते. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या ‘द क्रायसिस’ मासिकाने १९२९ सालीच गांधींचा संदेश छापला होता. मग १९३५च्या अखेरीस हॉवर्ड थर्मन, त्यांच्या पत्नी सू बेली थर्मन आणि एडवर्ड कॅरल यांचा समावेश असलेलं आफ्रिकी-अमेरिकी मंडळ हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या दौऱ्यावर आलं. फेब्रुवारी १९३६मध्ये त्यांची गांधींशी भेट झाली ती बारडोलीत. आठ वर्षांपूर्वी शेतसाऱ्याच्या वाढीविरुद्ध वल्लभभाईंनी लढवलेला आणि जिंकलेला हाच तो तालुका.

त्या भेटीचं वर्णन गांधींचे सचिव महादेवभाई देसाईंनी ‘हरिजन’मध्ये केलं आहे. महादेवभाई स्वतः सुरत जिल्ह्यातल्या सरस गावचे. गांधी पाहुण्यांना घ्यायला तंबूबाहेर आले, आणि मग त्यांनीच प्रश्नांची सरबत्ती केली. गुलामगिरी कशी होती, मतदानाचा हक्क मिळतो का, जमावाकडून होणाऱ्या हत्या कशा होतात, मिश्र विवाहांना कायदा काय म्हणतो. शेवटी त्यांनी पाहुण्यांना त्यांची आध्यात्मिक गीतं गायला सांगितलं, आणि निरोप देताना बोलून दाखवलं की अहिंसेचा निर्भेळ संदेश जगाला कदाचित अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडूनच मिळेल. हे त्यांनी १९३६ साली, माँटगमरीतल्या कृष्णवर्णीयांच्या बसबहिष्कारापूर्वी एकोणीस वर्षं म्हटलं.

या साखळीचे पुढचे दोन दुवे महाराष्ट्रातले आहेत आणि आपण ते विसरलो आहोत. १९३६-३७च्या हिवाळ्यात बेंजामिन मेज वर्ध्यात गांधींना भेटले. हे मेज पुढे अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि तिथे शिकणारा तरुण मार्टिन ल्यूथर किंग त्यांना गुरू मानू लागला. दुसरा दुवा नागपूरचा. कोरियन युद्धासाठी सैन्यात जायला नकार देऊन तुरुंगवास भोगलेला जेम्स लॉसन हा तरुण १९५३मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला आणि तीन वर्षं राहिला. माँटगमरीच्या बसबहिष्काराची बातमी त्याने नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचली. परत गेल्यावर फेब्रुवारी १९५७मध्ये ओबरलिनला त्याची किंगशी गाठ पडली. दक्षिणेत लगेच या, असं किंगने त्याला सांगितलं. लॉसन टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला गेला आणि विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेऊ लागला. शिवी आली, थुंकी आली, मार बसला तर हात कसा आवरायचा याची रीतसर तालीम तिथे होत असे. जॉन लुइस, डायेन नॅश ही त्याच तालमीतली मुलं. फेब्रुवारी १९६०मध्ये ती नॅशव्हिलच्या दुकानांतल्या गोऱ्यांसाठी राखीव खाद्यकाउंटरवर जाऊन बसली, आणि मे महिन्यात ती काउंटर सर्वांना खुली झाली. त्या विद्यार्थ्यांची तालीम पाहताना धरासण्याच्या रांगा आठवतात.

सगळं श्रेय बारडोलीला देणं खोटं ठरेल. त्या चळवळीची मुळं कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये होती, न्यायालयांत दशकानुदशकं लढलेल्या खटल्यांत होती, आणि रोज अपमान गिळून घर चालवणाऱ्या स्त्रियांच्या चिकाटीत होती. बाहेरून मिळाली ती एक तपासून पाहिलेली रीत, आणि ती चालते याचा पुरावा. तेवढं श्रेय मात्र या जिल्ह्याचं आहे.

आता त्या चळवळीने उघडलेल्या दाराकडे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेने आशियाई माणसासाठी दार टप्प्याटप्प्याने बंद केलं. १९१३च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने नागरिकत्वाला अपात्र परकीयांना शेतजमीन घ्यायला बंदी केली. १९१७च्या कायद्याने हिंदुस्थानसह जवळपास सगळा आशिया वर्ज्य ठरवला. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला. थिंडची बाजू मांडणारा एक वकील होता सखाराम गणेश पंडित. त्याचं स्वतःचं नागरिकत्व रद्द करण्याचा सरकारने प्रयत्न केला, तेव्हा तो लढला आणि जिंकला. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारची दाद ऐकून घ्यायला नकार दिला, आणि त्यानंतर इतरांवरची ती मोहीमही थंडावली. भारतीयांच्या अमेरिकेतल्या इतिहासात या वकिलाला मानाचं पान हवं.

जमीन घेता येत नाही, नागरिक होता येत नाही, मग माणसाने करायचं काय? सुरत परिसरातून गेलेले कानजी मंचू देसाई कॅलिफोर्नियात शेतमजुरी करत. १९४२ साली त्यांनी आणखी दोघा गुजराती मजुरांबरोबर सॅक्रामेंटोमधलं एक छोटं हॉटेल चालवायला घेतलं. ते रिकामं होण्याचं कारण भयंकर होतं. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, म्हणजे थिंड निकालाच्या बरोबर एकोणिसाव्या वर्षदिनी, रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश ९०६६वर सही केली होती, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जवळपास १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले दोन-तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. त्या हॉटेलच्या जपानी वंशाच्या मालकांनाही अशाच छावणीत जावं लागलं. अमेरिकेने या अन्यायाची माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देऊ केले ते १९८८ साली. पर्ल हार्बर सुरतेपर्यंत पोचलं ते असं, दुसऱ्याच्या उठवलेल्या बिऱ्हाडातून. कानजीभाईंचा त्यात दोष नव्हता. पण यशाची गोष्ट सांगताना हा भाग गाळणं बरोबर नाही.

युद्धानंतर कानजीभाईंनी सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डफील्ड हॉटेल घेतलं. सुरत, बारडोली, नवसारीकडून जो येईल त्याला तिथे खोली, जेवण आणि एकच सल्ला मिळे : हॉटेल भाड्याने चालवायला घे. पैसा हातउसना मिळे, कागद नसे. पण येणारे मूठभरच होते. १९४६च्या ल्यूस-सेलर कायद्याने हिंदुस्थानींना नागरिक होता आलं खरं, तरी वर्षाला प्रवेश होता फक्त १०० जणांना.

ते कुलूप निघालं १९६५ साली, आणि ते आपोआप निघालं नाही. १९६४चा नागरी हक्क कायदा आणि ६ ऑगस्ट १९६५चा मतदान हक्क कायदा झाल्यावर, देशातल्या देशात वंशभेद बेकायदा ठरवायचा आणि सीमेवर मात्र वंश पाहून माणूस घ्यायचा, हे त्याच काँग्रेसला टिकवणं अवघड झालं. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याजवळ हार्ट-सेलर कायद्यावर सही केली. त्यामागचे इमॅन्युएल सेलर हे १९४६च्या कायद्यातलेच सेलर. वंशाधारित कोटे गेले, पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला वर्षाला कमाल २०,००० ही मर्यादा आली, आणि प्राधान्याच्या जवळपास तीन-चतुर्थांश जागा नातेवाइकांसाठी राखल्या. यामुळे लोकसंख्येचं चित्र फारसं बदलणार नाही, असं कायदा करणारे सांगत होते. नात्याच्या जागा युरोपीय कुटुंबांना मिळतील असा त्यांचा होरा होता. एकत्र कुटुंबात वाढलेल्या पाटीदारांनी तोच नियम पकडला. एक भाऊ गेला, त्याने नागरिक होऊन दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने बायकोला, तिने नागरिक होऊन आपल्या भावाला.

तेव्हाच मोटेलं स्वस्त झाली. १९५६च्या महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांचं जाळं आखलं, जुने रस्ते ओस पडले आणि त्यांच्या कडेची छोटी मोटेलं गिऱ्हाइकाविना राहिली. १९७३च्या तेलटंचाईने लोकांचा मोटारप्रवासच आटला. थकलेले गोरे मालक विकून मोकळे व्हायला तयार होते. ऑगस्ट १९७२मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत देऊन हाकललं, त्यांतलीही काही कुटुंबं अमेरिकेत पोचली. रिसेप्शनमागच्या दोन खोल्यांत संसार मांडायचा, नोकर ठेवायचा नाही, चादरी बदलण्यापासून नळदुरुस्तीपर्यंत सगळं घरच्यांनी करायचं. या धंद्याचा पाया मुख्यतः बायकांच्या मेहनतीवर उभा राहिला, आणि कीर्तीत मात्र त्यांचा वाटा सर्वांत कमी आहे. दिवसभर खोल्या झाडायच्या, रात्री घंटा वाजली की उठून काउंटरवर यायचं, मधल्या वेळात रोटल्या. मुलं तिथेच बसून अभ्यास करत.

अमेरिकेच्या इतिहासात मोटेल हे काही नुसतं झोपायचं ठिकाण नव्हतं. १९६४च्या नागरी हक्क कायद्याला पहिलं मोठं आव्हान एका मोटेलनेच दिलं होतं. अटलांटातल्या हार्ट ऑफ अटलांटा मोटेलचा मालक कृष्णवर्णीयांना खोली देत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६४मध्ये त्याच्याविरुद्ध निकाल दिला. ४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांचा खून झाला तो मेम्फिसच्या लोरेन मोटेलच्या सज्जात. ते मोटेल कृष्णवर्णीय दांपत्याच्या मालकीचं होतं; इतरत्र त्या समाजाला अनेक वर्षं खोली मिळत नसे. लॉसननेच किंगना सफाई कामगारांच्या संपासाठी मेम्फिसला बोलावलं होतं.

ज्या दक्षिणेत हे घडलं, तिथेच पुढच्या वीस वर्षांत सुरती पटेलांची मोटेलं उभी राहिली. आणि तिथेच त्यांना कळलं की भेदभाव संपलेला नाही. विमा कंपन्या पॉलिसी देईनात, बँका कर्ज देईनात. शेजारच्या मोटेलवर मालक अमेरिकी असल्याची पाटी लागे, आणि तिचा रोख उघड असे. १९८५ साली टेनेसीत मोटेलमालकांनी विम्याच्या प्रश्नावर संघटना बांधली. १९८९ साली अटलांटात एशियन अमेरिकन हॉटेल ओनर्स असोसिएशन स्थापन झाली. त्याच दशकात न्यू जर्सीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणारी टोळकी कुंकू लावणाऱ्या बायकांवर आणि भारतीय पुरुषांवर हल्ले करत होती. आज त्या असोसिएशनच्या सांगण्याप्रमाणे अमेरिकेतली सुमारे ६० टक्के हॉटेलं तिच्या सभासदांची आहेत, आणि त्यांच्यात दक्षिण गुजरातेतून गेलेल्यांचा भरणा मोठा आहे. १९९१च्या ‘मिसिसिपी मसाला’ या चित्रपटात मीरा नायर यांनी अशाच एका मोटेलमधली तरुणी आणि एक कृष्णवर्णीय तरुण यांचं प्रेम दाखवलं, आणि दोन्ही समाजांतला दुरावा निर्भीडपणे पुढे ठेवला. तो दुरावा खरा आहे. ज्यांनी डोकी फोडून घेतली म्हणून कायदा बदलला, त्यांच्याच वंशजांना काउंटरपलीकडून संशयाने पाहणारे मोटेलमालकही होते. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण ज्या जिल्ह्यात गांधी थर्मन दांपत्याशी बोलले, त्याच जिल्ह्याची ही माणसं आहेत.

बारडोली, कामरेज, पलसाणा या तालुक्यांतल्या गावांत १९६५च्या कायद्याची खूण घरोघरी दिसते. शाळेच्या इमारतीवर, मंदिराच्या कमानीवर, पाण्याच्या टाकीवर देणगीदारांची नावं, खाली अमेरिकेतल्या शहरांची नावं. मोठी घरं वर्षातले दहा महिने कुलूपबंद असतात आणि डिसेंबरात लग्नसराईला उघडतात. शेती हळपती आदिवासींच्या किंवा बाहेरून आलेल्या मजुरांच्या हाती आहे. त्या मजुरांतही खानदेशातून आणि डांगातून ऊसतोडीला येणारे आहेत.

आणि अमेरिकेच्या व्हिसासाठीची रांग अजून चालूच आहे. १९६५ साली घातलेली प्रत्येक देशाची मर्यादा १९९०च्या कायद्याने रूप बदलून पुढे नेली. नागरिक झालेल्या भावाने किंवा बहिणीने भारतातल्या भावंडासाठी आज केलेल्या अर्जाला व्हिसा मिळायला दीड दशकाहून जास्त काळ लागतो. अर्ज भरला तेव्हा बालवाडीत असलेली मुलं दरम्यान एकवीस ओलांडतात आणि बहुतेकदा त्या अर्जातून वगळली जातात. मग आईवडील जातात, मूल इथेच राहतं.